प्रमाणित आई

आमच्या इमारतीत दोन महिने सगळे मला 'डास' म्हणत होते. हल्ली म्हणत नाहीत. जिन्यात दिसले की आवाज उतरवून विचारतात, "कशी आहेस गं?" आणि खरं सांगू का, त्यापेक्षा डास बरा होता.

सगळं सुरू झालं एका भिंगरीवरून. पुठ्ठ्याची चकती, मध्ये दोन भोकं, त्यातून दोरा ओवायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. चकती गरगरते. लहानपणी शर्टाच्या बटणाची आपण सगळ्यांनीच केलेली असते. तर एका मासिकात मी वाचलं की अशा भिंगरीवर रक्त भरलेली काचेची बारीक नळी चिकटवून फिरवली, तर रक्ताचे थर वेगळे होतात. लाल पेशी जड, त्या तळाला जातात. वर उरतं पिवळसर पाणी. लाल भाग एकूण उंचीच्या किती टक्के, एवढं मोजायचं. कमी भरला तर माणसात रक्त कमी. वीज नको, यंत्र नको, दोरा आणि पुठ्ठा बास!

शाळेचं विज्ञान प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं होतं. गेल्या वर्षी मी 'पाण्याचे महत्त्व' हा तक्ता लावून उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं. उत्तेजनार्थ म्हणजे काय, ते ज्याला मिळालंय त्यालाच कळतं. टाळ्या वाजवणारेसुद्धा तुमच्याकडे बघत नाहीत. यंदा मात्र मी वैद्यकशास्त्राला कलाटणी देणार होते. आणि ती मिळाल्यावर शास्त्राने आभार मानायला कुठे यायचं, तो पत्ताही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

पहिली अडचण परिपत्रकाची. त्यात लिहिलं होतं, 'प्रदर्शनात ज्वलनशील, दुर्गंधीयुक्त व सजीव वस्तू आणू नयेत.' आता रक्त सजीव की निर्जीव? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अंगात असताना सजीव. बाहेर आल्यावर... थांब, सरांना विचारू." सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांचा विषय इतिहास. ते म्हणाले, "रक्ताच्या जागी लाल शाई नाही का चालणार?"

"सर, शाईला ॲनिमिया होत नाही," मी म्हटलं.

या वाक्यामुळे माझा अर्ज आठ दिवस लांबला.

शेवटी बाबा मदतीला आले. बाबा पाणीपुरवठा खात्यात, गळती विभागात कारकून आहेत. कुणाच्या नळाखाली, भिंतीत, रस्त्यात पाणी झिरपायला लागलं की तक्रार बाबांच्या टेबलावर येते आणि बाबा तिच्यावर लिहितात, 'गळती शोधून तातडीने कारवाई करावी.' वीस वर्षं हेच वाक्य. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला, 'विषय : मानवी रक्त (अत्यल्प) शाळेत आणू देणेबाबत.' कंसातल्या 'अत्यल्प'वर ते दोन दिवस खूश होते. अर्ज मंजूर झाला. पण फॉर्मवर वस्तूचा प्रकार म्हणून 'प्राणी, वनस्पती, खनिज' असे तीनच चौकोन होते. सरांनी बराच विचार करून 'खनिज'वर खूण केली. म्हणाले, "रक्तात लोह असतं ना?"

नळ्या आणि सुया मिळाल्या कोपऱ्यावरच्या लॅबमधल्या ताईकडून. ती दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि जराही हसत नाही. तिने मला एक पिवळा डबा दिला आणि बजावलं, "प्रत्येक माणसाला नवी सुई. वापरलेली लगेच या डब्यात. एकदा वापरलेली सुई दुसऱ्या कुणाला टोचलीस, तर मीच तुला टोचीन."

मग प्रश्न आला तो बोटाचा.

संशोधकाने पहिला प्रयोग स्वतःवर करावा अशी थोर परंपरा आहे. तिचा मान राखून मी सुई बोटाजवळ नेली. दहा मिनिटं नेत होते. मग मला घाम आला, कानात शिट्टी वाजली आणि मी ओट्याखाली बसले. त्यानंतर ठरवलं की संशोधकाने तटस्थ राहायला हवं. म्हणून मी इमारतीत फिरले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी माझी सुई पाहून त्यांच्या सुयांसकट दार लावून घेतलं. बाबा तर म्हणाले, "मी अर्ज करून दिला ना? आता अंगावर नको येऊस." पोरं मला पाहून 'डास आला, डास आला' करत पळायला लागली. शिवणवाल्या काकूही मला डास म्हणायला लागल्या.

"घे माझं," आई म्हणाली. ती भाजी चिरत होती. तिने डावा हात धुऊन पुढे केला. "एक बोटच तर आहे."

आई पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर शिक्के मारते आणि लोकांना सांगते, 'ती खिडकी शेजारची.' आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्यावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. संध्याकाळी आई प्रत्येक मजल्याच्या वळणावर पायरीवर बसायची, पर्स मांडीत घ्यायची आणि आत हात घालायची. कुणी विचारलं की म्हणायची, "किल्ली शोधतेय." बाबा म्हणायचे, "तुझ्या आईची पर्स आमच्या रेकॉर्ड रूमसारखी आहे. सगळं असतं, सापडत काही नाही." आम्ही खूप हसायचो. आईसुद्धा हसायची, पण तिचं हसणं मध्येच तुटायचं, कारण ती श्वास घेत असायची. हे मी आता लिहितेय. तेव्हा मला फक्त किल्लीच दिसायची.

पहिला आकडा आला एकोणतीस.

शरीरशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं होतं, बाईमाणसाचा लाल टक्का छत्तीस ते सेहेचाळीस. म्हणजे भिंगरी चुकत होती. यात शंकेला जागाच नव्हती, कारण आईला काही होत नाही. घरात बाबांना पित्त, मला बारा महिने सर्दी, आणि आईला काहीही नाही. गुडघे दुखायचे तेवढे. त्यासाठी निळ्या डबीतली गोळी, दोन सकाळी, दोन दुपारी. मी आकडा खोडला. नुसती रेघ मारली नाही, गिरगटून काळा केला. पान फाडलं नाही, कारण बाईंचा नियम होता की प्रयोगवहीचं पान फाडायचं नाही.

मग सल्ले सुरू झाले. दाराआड राहून शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "दोरा बदल. हा कच्चा आहे, याला पीळ धरवत नाही." त्यांनी मेणाचा दोरा दाराखालून सरकवला. आठ दिवसांनी सत्तावीस. बाबा ऑफिसातून जुन्या फायलींचे जाड पुठ्ठे घेऊन आले, त्यांची मोठी चकती केली. सव्वीस. दोऱ्याच्या टोकांना मुठी म्हणून पेन्सिली बांधल्या आणि दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं फिरवलं. पंचवीस. आता नीट ऐका, मी किती हुशार होते ते. लॅबवाल्या ताईने सांगितलं होतं की जास्त फिरवलं तर पेशी जास्त दाबून बसतात. म्हणजे भिंगरी सुधारतेय, पेशी दाबून बसताहेत, म्हणून आकडा उतरतोय! मी तसं वहीत लिहिलं, वर चौकट काढली. आणि आकडे खोडले, एकूण एक.

दर वेळी आई बोट पुढे करायची. एकदा म्हणाली, "तुझ्या यंत्राला मी आवडत नाही वाटतं."

"आई, तू हात हलवतेस, म्हणून होतं."

"बरं, नाही हलवणार," ती म्हणाली. आणि ती खरंच हात भिंतीला टेकवून बसली.

शेवटी प्रकरण तळमजल्यावरच्या इन्स्पेक्टरकाकांकडे गेलं. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत, पण निवृत्ती त्यांनी मनावर घेतलेली नाही. अजून बाजारात गेले की भाजी घेण्याआधी वाकून काट्याखाली बघतात. भाजीवाले त्यांना लांबून येताना पाहूनच एक टोमॅटो जास्त घालतात.

काकांनी भिंगरी उलटसुलट केली. माझी मोजायची पट्टी डोळ्यांजवळ धरली. "काटा चुकला की काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"प्रमाणित वजन ठेवायचं आणि काटा त्याच्यावर आणायचा. वजन कधी चुकत नाही, काटा चुकतो. पस्तीस वर्षं हेच केलं मी."

"पण काका, प्रमाणित माणूस कुठून आणू?"

"घरात सगळ्यात ठणठणीत कोण?"

मी आणि बाबा एकदम म्हणालो, "आई."

"शेवटची आजारी कधी पडली?"

आम्ही आठवून पाहिलं. कुणालाच आठवेना. सोळा वर्षांत तिने आजाराची एक रजा घेतली नव्हती. "झालं तर मग!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आई म्हणजे तुझं प्रमाण वजन. तिचं जे येईल ते चाळीस धर आणि पट्टी नव्याने आख."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आता मला पितळेची करून कपाटात ठेवणार की काय?" ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

त्या दिवशी आले चोवीस. मी नवी पट्टी आखली. जिथे चोवीस होते तिथे चाळीस लिहिले, आणि त्याच हिशोबाने खालीवर सगळं. काकांनी पट्टीच्या मागे लाल पेनाने लिहिलं, 'तपासले, बरोबर,' आणि खाली अशी लांबलचक सही केली की ती पट्टीबाहेर टेबलावर गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी माझं टेबल ज्वालामुखीशेजारी होतं. ज्वालामुखी म्हणजे मातीचा ढीग, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर. दर अर्ध्या तासाने फसफसायचा आणि लोक प्रत्येक वेळी नव्याने टाळ्या वाजवायचे. माझ्याकडे कुणी फिरकेना. मग इन्स्पेक्टरकाका आले, आपल्या सहीच्या जोरावर बोट पुढे केलं आणि मोठ्याने म्हणाले, "घे!" गर्दी जमली. मी टोचलं, नळी भरली, भिंगरी फिरवली, पट्टी लावली.

"पंचाहत्तर," मी वाचलं.

"किती?" काका म्हणाले. "माझं वयसुद्धा एवढं नाही गं!"

सर पुढे सरसावले. सरांचे त्र्याहत्तर. बाईंचे त्रेसष्ट. आणखी चौघांनी बोटं पुढे केली, तेही साठीच्या वरच. पुस्तकात पुरुषांची हद्द पन्नासच्या आसपास संपत होती. सरांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय?" मी पान उघडून वाचून दाखवलं, "रक्त अति घट्ट झाल्यास ते वाहण्यास अडथळा येऊ शकतो." हे मी शांतपणे वाचायला हवं होतं. पण पहिल्यांदाच एवढी माणसं माझं ऐकत होती.

सर बाकावर आडवे झाले. त्यांचा एक बूट ज्वालामुखीत गेला. काका म्हणाले, "मला सकाळपासून अंग जड वाटतच होतं, डांबर झालंय नुसतं." बाईंना हाताला मुंग्या आल्या. पाच मिनिटांत बोटं वर धरलेल्या सात माणसांची वरात कोपऱ्यावरच्या लॅबकडे निघाली. मी टेबलामागे उभी राहून हळूच हसत होते. आख्ख्या शाळेचे प्राण मी वाचवले होते! उत्तेजनार्थ देणाऱ्यांनी बघून घ्यावं.

तासाभराने वरात परत आली. पुढे लॅबवाली ताई, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"हे पंचेचाळीस," ती काकांकडे बोट करून म्हणाली. "हे चव्वेचाळीस. बाई अडतीस. सगळे धडधाकट आहेत. माझ्या लॅबमध्ये आज रांग लागली, एक आजोबा तर मृत्युपत्राचं बोलत होते. कुठेय तुझं यंत्र?"

तोंड कुठे लपवावं ते मला कळेना. ताईने माझी पट्टी बाजूला सारली, खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली आणि काकांची नळी मोजली. सरांची मोजली. बाईंची मोजली. मग सगळ्या पुन्हा मोजल्या.

"भिंगरी बरोबर आहे," ती म्हणाली. "अगदी बरोबर आहे. पट्टी चुकीची आहे. कुणी तपासली ही?"

काका छताकडे बघायला लागले.

"कशावरून लावलीस पट्टी?"

"आईवरून."

"आणि तुझं स्वतःचं किती येतं?"

मी बोटं मुठीत लपवली. "दे बोट," ती म्हणाली. मी डोळे मिटले, दात आवळले आणि सगळ्या शाळेसमोर रडायच्या तयारीत राहिले. ताई म्हणाली, "झालं." मुंगी चावल्याएवढं होतं. तेवढंच. तिने स्वतः भिंगरी फिरवली आणि मोजलं. एकोणचाळीस. पुस्तकात लिहिलंय तसं, जिथे असायला हवं तिथेच.

दोन महिने आधी ही मुंगी चावून घेतली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"आईचं किती आलं होतं?" ताईचा आवाज बदलला होता.

"चोवीस. पण ते चुकून..."

"आई कुठे आहे आत्ता?"

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून चारला येणार होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रदर्शन तिसऱ्या मजल्यावर होतं. मी जिन्याकडे पळाले, ताई माझ्या मागे.

आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली होती. पर्स मांडीत, हात आत. आम्हाला बघून हसली.

"आलेच गं," ती म्हणाली. "जरा किल्ली शोधत होते."

शाळेची कुठली किल्ली असणार तिच्याकडे?

ताई तिच्याशेजारी बसली. तिने आईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, मग तिची नखं पाहिली. मीही पाहिली. त्याच बोटांना मी दोन महिने टोचत होते आणि ती वहीच्या पानासारखी पांढरी होती.

हॉस्पिटलात मोठ्या यंत्रावर आले तेवीस.

"कधीपासून होतंय असं?" डॉक्टरांनी विचारलं. त्या तरुण होत्या आणि घाईत होत्या.

"नाही हो, तसं काही नाही," आई म्हणाली. तिच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. "जिन्याचा थकवा. वय झालं की होतंच."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. कुठल्या महिन्यापासून ती पायरीवर बसायला लागली, कोणालाही सांगता येईना. विनोद आठवत होते सगळे. तारीख एकाचीही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, काहीतरी सांगा. अचानक झालंय की हळूहळू, एवढं कळलं तरी पुष्कळ."

मी दप्तरातून वही काढली.

"हे काय? सगळं खोडलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. गिरगोट्यांच्या आत पेनाने दाबून लिहिलेले आकडे उजेडात दिसत होते. त्या एकेक वाचत गेल्या. "एकोणतीस. सत्तावीस. सव्वीस. पंचवीस. चोवीस. तारखा खऱ्या आहेत?"

"हो. तारखा खोडल्या नाहीत मी."

"गोळ्या कुठल्या घेता?"

आईने निळी डबी काढली. ती डबी मात्र तिला पर्समध्ये लगेच सापडली. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली, किती दिवस, रोज किती, ते विचारलं आणि डबी आपल्या खिशात टाकली. "बहुतेक या दुखण्याच्या गोळ्यांनी, पोटात," त्या म्हणाल्या, "पण नक्की नाही. आत कुठेतरी गळतंय, हळूहळू. दुर्बीण घालून शोधावं लागेल. काय सापडेल ते आत्ता नाही सांगता येणार."

बाबा कॉटच्या कडेला बसले. वीस वर्षं जे वाक्य ते दिवसातून दहा वेळा लिहीत आले, ते त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. ते आईची चप्पल उचलून नुसते हातात धरून बसले.

संध्याकाळी इन्स्पेक्टरकाका आले. आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून ती पट्टी मागून घेतली, लाल पेन काढलं आणि आपली लांबलचक सही या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. ती रेघसुद्धा सरळ आली नाही.

प्रदर्शनात पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. मला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर 'प्रकार : खनिज' असं छापलंय.

दुर्बीण मंगळवारी आहे. आज रविवार. दोन पिशव्या रक्त चढून झालंय आणि आई उशीला टेकून बसू शकते. मघाशी मी खुर्चीत नुसतीच बसले होते, भिंगरी दप्तरातच होती. काढायची हिंमत नव्हती.

"काय गं," आई म्हणाली, "आज नाही टोचायचं?"

मी मान हलवली.

"ये, डासा." तिने हात पुढे केला. "एक बोटच तर आहे."

मी हात धुतले, नवी सुई काढली. पाच मिनिटं भिंगरी फिरवली. आई तिच्याकडे बघत होती आणि तिचा हात भिंतीला टेकलेला नव्हता. साध्या फूटपट्टीने मोजलं. अठ्ठावीस.

पुस्तकात बघितलं तर हा आकडाही चूकच आहे. मी तारीख घातली, शाईने अठ्ठावीस लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.